पंचवीस मीटर सरळ

श्रीमंत घरांतले बहुतेक पूल पोहण्यासाठी बांधलेलेच नसतात. आर्किटेक्टनेच हे म्हणावं म्हणजे घरचा भेदी झाला, पण आहे ते असं आहे. ते बघण्यासाठी असतात. दिवाणखान्यातून, गच्चीवरून आणि हल्ली ड्रोनमधून. आकार वळणावळणाचा, एका टोकाला जकुझी, दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडवलेले बसायचे कट्टे. पहिल्या उन्हाळ्यात नातवंडं डुंबतात, दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांचे मित्र. तिसऱ्या वर्षी पाणी हिरवट दिसायला लागतं आणि माळीबुवा पाहुणे येणार असतील तेवढंच जाळं फिरवतात. मी स्वतः असे पूल काढून दिलेत, त्यांचे पैसेही घेतलेत.

त्यामुळे नाशिकच्या या डॉक्टरबाई ‘मला फक्त लांब जायचंय, सरळ’ एवढंच म्हणाल्या तेव्हा आधी माझा विश्वास बसला नाही. बाई भूलतज्ज्ञ, पंचावन्नच्या पुढच्या. गंगापूर रस्त्याच्या बाजूला द्राक्षबागा तोडून झालेल्या प्लॉटवर घर बांधत होत्या. यजमानांचा सातपूरला कारखाना, म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न वेळेचा होता. महापालिकेचा सावरकर तलाव चांगला मोठा आहे, पण तिथे बॅच असते. बायकांच्या बॅचची वेळ ठरलेली आणि ऑपरेशनची वेळ कधीच ठरलेली नाही. रात्री दोनला सिझेरियन करून आलेल्या बाईला सकाळी साडेसहाला पोहावंसं वाटलं, तर तेव्हा ‘जेन्ट्स’ चालू असतात. पोहायला शिकल्या त्या गोदावरीत, गांधी तलावात, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्या पिढीतले बरेच नाशिककर असेच शिकले. आता त्यांना मालवणच्या चिवला बीचवर सागरी स्पर्धेत उतरायचं होतं, आणि समुद्राची तयारी दहा मीटरच्या डबक्यात होत नाही.

का होत नाही, हे मला त्यांनी माझ्या ऑफिसच्या टेबलावर हात मारून दाखवलं. भिंतीला पाय लावून ढकललं की चांगला पोहणारा पाच मीटर नुसता सरकत जातो. दहा मीटरच्या पूलमध्ये मग उरतात पाच. चार हात मारले की पुन्हा भिंत. ‘अगं, ते पोहणं नाही, ते दारातल्या दारात फेऱ्या मारणं आहे.’ पंचवीस मीटरमध्ये ढकलण्याचं उधार संपून माणूस स्वतःच्या दमावर येतो, श्वासाला लय सापडते. यंत्राने उलटा प्रवाह सोडून एका जागी पोहायचे छोटे पूल मिळतात, तेही मी सुचवून पाहिले. बाईंनी चेहऱ्यानेच उत्तर दिलं. पन्नास मीटरचा ऑलिम्पिक पूल घरात शोभत नाही आणि प्लॉटही पुरणार नव्हता. तेव्हा पंचवीसवर शिक्कामोर्तब झालं.

पंचवीस म्हणजे टाइल लागल्यावर पंचवीस. नकाशावर २५.०० लिहून काँक्रीट ओतलं, की वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, चिकटवायचा माल आणि टाइल मिळून दोन्ही टोकांना तीन-चार सेंटिमीटर खातात आणि पूल चोवीस मीटर त्र्याण्णव होतो. बघणाऱ्याला काडीचा फरक पडत नाही. घड्याळ लावून पोहणाऱ्याला शंभर फेऱ्यांत सात मीटरचा खोटेपणा खुपतो. आम्ही कवच २५.१० धरलं. सेंटरिंगवाल्या मिस्त्रीने टेप धरून दोनदा विचारलं, ‘मॅडम, हे दहा कशाला?’

रुंदीचं गणित निराळं. स्पर्धेच्या मोठ्या तलावात एक लेन अडीच मीटरची असते. एकट्या माणसाला तेवढी पुरते असं वाटतं, पण स्पर्धेत शेजारी लेनचे दोर असतात आणि ते लाटा मोडतात. घरच्या पूलमध्ये दोन्ही बाजूंना उभी भिंत असते. हाताने ढकललेली लाट भिंतीवर आपटून परत अंगावर येते, तोंड उघडायच्या नेमक्या क्षणी. म्हणून रुंदी तीन मीटर केली आणि दोन्ही लांब कडांवरून पाणी बाहेर सांडू दिलं. काठोकाठ भरलेलं पाणी आणि त्यावर उलटं पडलेलं आभाळ, हे मासिकांतलं चित्र सगळ्यांना आवडतं. पण त्या सांडण्याचं खरं काम लाट गिळण्याचं आहे. लाट कडेवरून नाल्यात पडते, परत येत नाही. खोली १.३५ मीटर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी. ‘डीप एंड’ नाही, कारण सूर मारायचा नाही, आणि त्याहून उथळ केलं तर कोलांटी मारून वळताना डोकं तळाला लागायची भीती. तीन गुणिले पंचवीस गुणिले एक पूर्णांक पस्तीस. एक लाख लिटर, वर थोडं. या आकड्याकडे पुन्हा यायचं आहे.

दोन्ही टोकांच्या भिंती मी सपाट आणि मोकळ्या ठेवल्या. पायऱ्या नाहीत, कट्टा नाही, दिवा नाही. पायऱ्या बाजूला भिंतीत खोबण काढून दिल्या, दिवे लांबीच्या भिंतीत. टोकाला दिवा लावला तर रात्री पोहणारा पंचवीस मीटर हेडलाइटकडे बघत येतो. लांबी उत्तर-दक्षिण घेतली. सकाळचं ऊन समोरून आलं की डोळ्यांसमोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो.

इथपर्यंत घरात एकमत होतं. भांडण लागलं ते रेघेवरून.

चिरंजीव मुंबईत इंटिरियरचं काम करतात. त्यांना पूर्ण काळा पूल हवा होता. काळ्या टाइलचं पाणी आरशासारखं होतं, हे खरं. संध्याकाळी बघत राहावं असं दिसतं. पण तळ दिसत नाही. तळाशी कोणी गेलं तर तेही दिसत नाही, आणि या घरात नातवंडं येणार होती. बाईंचं म्हणणं याच्या पार उलट: तळ फिकट हवा आणि मधोमध काळी रेघ हवी, स्पर्धेच्या तलावात असते तशी, वीस-तीस सेंटिमीटर रुंद, भिंतीच्या दोन मीटर आधी थांबणारी आणि शेवटी आडवी दांडी असलेली. ‘आई, ते महापालिकेच्या टाकीसारखं दिसेल!’ असं चिरंजीव म्हणाले. बाई म्हणाल्या, ‘मग? मी महापालिकेच्याच टाकीत पोहतेय इतकी वर्षं.’

मला रेघेचं काम तोवर कधी नीट कळलंच नव्हतं. पाण्यात तोंड खाली असलेल्या माणसाला दुसरं काहीच दिसत नाही. ना आभाळ, ना बाग, ना तो लाखोंचा दगड. त्याच्या जगात फक्त तळ असतो. रेघ त्याला सरळ ठेवते, आणि ती संपली की दोन मीटरवर भिंत आहे हे डोकं न उचलता कळतं. आम्ही काढतो त्या थ्रीडी चित्रांत पूल नेहमी वरून दिसतो. खालून, म्हणजे ज्या एकाच जागेवरून तो रोज तासभर बघितला जाणार आहे तिथून, तो कोणी काढत नाही. शेवटी राखाडी-हिरवट काचेची मोझेक आणि कोळशाच्या रंगाची रेघ ठरली. चिरंजीव दोन दिवस गप्प होते.

खोदाईला पोकलेन लागला. वर मीटरभर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. नाशिककडच्या काळ्या मातीला मी वचकून असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच फुगून भिंत ढकलते. बैठ्या घरांना कोपऱ्यांतून पडणाऱ्या तिरक्या भेगा पुष्कळदा तिचीच करणी असतात. तिथे पूलची भिंत टेकवायची नसते. चहूबाजूंनी माती काढून मुरूम भरला, थराथराने दाबून.

त्याहून मोठं भय पाण्याचं. बाहेरच्या. कातळात कोरलेला खड्डा म्हणजे भांडंच. श्रावणात आजूबाजूचं पाणी झिरपून त्यात साठतं, आणि नेमका त्याच वेळी कोणी पूल साफसफाईला रिकामा केला तर काँक्रीटचं आख्खं कवच होडीसारखं उचललं जातं. लोकांना हे खोटं वाटतं. साहेबांनाही वाटलं, म्हणून त्यांच्या कारखान्याच्या भाषेत सांगितलं: कवचाचं वजन ऐंशी-पंच्याऐंशी टन. बाहेर पाणी काठापर्यंत चढलं, तर ते खालून वर रेटतं एकशे तीस टनांच्या वर. साहेबांनी कागद ओढून घेतला, स्वतः गुणाकार केला आणि म्हणाले, ‘मग हे आधी सांगायचं ना!’ उपाय फार महाग नाही. तळाखाली खडीचा थर, त्यात भोकं पाडलेला पाइप, तो दूर उतारावर नेऊन सोडलेला. शिवाय तळात एक झडप, जी बाहेरचा दाब वाढला की उघडते आणि पाणी आत घेते. आणि पंपरूमच्या दारावर रंगवलेली पाटी: पावसाळ्यात पूल रिकामा करू नये.

काँक्रीटच्या दिवशी मी सकाळपासून साइटवर होते. पाणी धरणाऱ्या बांधकामाचा नियम साधा आहे, माल थांबता कामा नये. एक गाडी ओतून झाली आणि दुसरी त्र्यंबक नाक्यावर अडकली, तर पहिला थर घट्ट व्हायला लागतो आणि दोन थरांमध्ये सांधा राहतो. डोळ्यांना तो केसाएवढा दिसतो. पाण्याला मात्र तो हमरस्ता. तळ आणि भिंत एका दिवसात होत नाहीत, त्यामुळे तिथे सांधा येतोच. तो कुठे येणार हे आपण ठरवायचं आणि त्यात पीव्हीसीची पट्टी अर्धी खाली, अर्धी वर गाडायची. फळ्या धरायला भिंतीतून आरपार सळया घालायच्या नाहीत, हे तर मी चिडून चिडून सांगते. सळई काढली की भोक राहतं. ते सिमेंटने बुजवून टाइल लावली की दिसेनासं होतं. वर्षभराने मालक फोन करतो, ‘मॅडम, पाणी कमी होतंय.’

पाणी आपोआपही कमी होतं, ती गोष्ट वेगळी. गळतंय की उडतंय हे ओळखायची युक्ती जुनी आहे. पायरीवर एक बादली ठेवायची, तिच्यात पूलएवढीच पातळी भरायची, पंप बंद करायचा. दुसऱ्या दिवशी दोन्ही सारखे उतरले तर ऊन. पूल जास्त उतरला तर सांधा. आमची बादली आठवडाभर पायरीवर होती आणि साहेब सकाळ-संध्याकाळ फूटपट्टी घेऊन जात होते.

सगळ्यांत जास्त जीव गेला तो कडेच्या दगडात. सांडव्याची कडा पन्नास मीटर, दोन्ही लांब बाजू धरून. पाणी तिच्यावरून जातं ते दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ पदरासारखं. म्हणजे कडा कुठे पाच मिलिमीटर खाली गेली, तर सगळं पाणी तिथूनच पळणार आणि बाकीची कडा कोरडी. घराच्या फरशीत पाच मिलिमीटर कोणाच्या बापाला कळत नाहीत. इथे पाणी रोज चुगली करतं. आमच्याकडे लेझर लेव्हल होतं, चांगल्यातलं. गवंडीबाबांनी त्याच्याकडे आदराने बघितलं आणि पिशवीतून स्वतःची पारदर्शक नळी काढली. नळीत पाणी भरलं, बुडबुडे टिचक्या मारून घालवले, एक टोक पोराच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरून पलीकडच्या टोकाला गेले आणि उकिडवे बसून एक डोळा मिटला. ‘केसभर दाब.’ पोराने दगडावर रबरी हातोडीने एक टोला दिला. ‘बास. बास म्हटलं ना!’ दुपारी ऊन डोक्यावर आलं की ते काम थांबवायचे. उन्हात नळीतलं पाणी फसवतं म्हणे. पोराच्या अंगावर कुठे ऊन, कुठे सावली, त्याचा नळीशी काय संबंध, असं मला आधी वाटलं. पण नळीचं एक टोक तापलं आणि दुसरं सावलीत राहिलं, की तापलेलं पाणी हलकं होऊन थोडं वर चढतं, हे पदार्थविज्ञानच आहे. शेवटी लेझर लावून तपासलं. सगळ्या कडेत फरक दोन मिलिमीटरच्या आत होता. पाणी सोडलं त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा कुठून सांडतंय ते बघायला मजूर, माळी, साहेब सगळे कडेने उभे राहिले. सांडलं ते एका ठिकाणाहून नव्हे, जवळजवळ सगळीकडून. गवंडीबाबा म्हणाले, ‘हां,’ आणि तंबाखू मळायला लागले.

आता तो एक लाख लिटरचा आकडा.

काँक्रीटवर पाणी मारायला दोघी होत्या, पेठ तालुक्यातल्या. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत पाऊस धो धो पडतो, उतारावरून वाहून जातो, आणि मार्च सरला की पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. त्यांतली एक भिंतीवर नळी धरून उभी होती. तिने विचारलं, ‘ताई, किती जण पवणार यात?’ मी म्हटलं, मॅडम पोहणार. ‘एकटी?’ तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब लागत नव्हता एवढंच. मी काही बोलले नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत साधारण पन्नास हजार लिटर. म्हणजे डॉक्टरबाईंचा पूल दोन वाघिणींचा. आणि एकदा भरला की झालं असंही नाही. नाशिकच्या कडक उन्हाळ्यात दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी नुसतं उडतं. पंचाहत्तर चौरस मीटरवर सात मिलिमीटर म्हणजे रोज सव्वापाचशे लिटर. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर धरलेत. साडेनऊ माणसांचं पाणी रोज आकाशात. हे आकडे मी बाईंसमोर ठेवले. काम हातचं जाईल अशी भीती होती, पण ठेवले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पूल तर मला हवाच आहे. आता तू सांग काय करायचं.’

मग जे करता आलं ते केलं. घराचं छप्पर दोनशे चौरस मीटरचं. नाशिक शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी एक लाख दहा हजार लिटर खाली येतात. छपराचं पाणी गाळून पूलकडे वळवलं आणि पूल पहिल्यांदा भरायचा तो पावसाळ्यातच, असं वेळापत्रक लावलं. साहेबांना अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त हवा होता, तो हुकला. टँकर मागवायचा नाही याला दुसरंही कारण होतं. तिथल्या बोअरचं पाणी जड, टाइलवर पाण्याच्या रेघेला पांढरा थर धरतं आणि मग तो ॲसिडने घासत बसावं लागतं. पूलवर सरकतं कव्हर बसवलं. झाकलेल्या पाण्यातून उडतं ते फारच थोडं. तेवढ्याने प्रश्न सुटला असं मी कोणाला सांगणार नाही. पेठच्या त्या बाईला तर नाहीच.

यंत्रांबद्दल थोडक्यात. वाळूचा फिल्टर, तासाला वीस हजार लिटर फिरवणारा पंप, म्हणजे पाच तासांत सगळं पाणी एकदा गाळून निघतं. सांडलेलं पाणी झेलायला जमिनीखाली टाकी. तळातून पाणी ओढणारी भोकं दोन, एकमेकांपासून मीटरभर लांब, वर फुगीर जाळी. यात काटकसर नाही. एकच भोक असलं आणि त्यावर मूल बसलं तर पंपाची ओढ त्याला सोडत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये अशीच गेली, आणि २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला. आपल्याकडे हे मालकाच्या आणि आर्किटेक्टच्या अक्कलेवर सोडलेलं आहे.

थंडीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो तो उगाच नाही. डिसेंबरात उघडं पाणी एवढं गार होतं की बाईंचाही धीर होईना. एक लाख लिटर पाणी एक अंशाने तापवायला एकशे सोळा युनिट उष्णता लागते. साध्या हीटरने तेवढीच वीज जाईल. हीट पंप हवेतली ऊब ओढून आणतो, त्यामुळे विजेचं काम पाचव्या हिश्शात, तेवीस-चोवीस युनिटांत होतं. पण रात्री कव्हर घातलं नाही तर मिळवलेलं सगळं पहाटेपर्यंत जातं. उष्णता जाते त्यात सर्वांत मोठा वाटा वाफेचाच. म्हणजे पाणी वाचवायला आणलेल्या कव्हरनेच बिलही वाचवलं, आणि साहेबांच्या नजरेत मला भाव आला तो तिथे.

साहेब स्वतः पोहत नाहीत. त्यांना पंपरूम आवडली. मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र घ्यावं असा त्यांचा आग्रह होता. डोळे चुरचुरत नाहीत, क्लोरीनचे डबे आणावे लागत नाहीत, सगळं खरं आहे. पण त्या पूलमध्ये लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ राहतं आणि फिल्टर धुतलेलं पाणी मग कोणत्याच झाडाला घालता येत नाही. साध्या क्लोरीनचं पाणी टाकीत एक-दोन दिवस उघडं ठेवलं की चिकूला, आंब्याला चालतं. फिल्टर आठवड्याला धुवावा लागतो आणि दर वेळी हजारभर लिटर जातात. ते गटारात सोडणं मला पटलं नसतं. साहेबांनी दोन रात्री विचार केला, मिठाचं यंत्र सोडलं आणि भरण्याच्या नळावर पाण्याचा मीटर बसवून घेतला.

आता पंपरूममध्ये एक जाड वही आहे. तारीख, मीटरचा आकडा, पीएच, क्लोरीन, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘सौ. ४० फेऱ्या’ असंही कधी कधी असतं. गेल्या एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. कव्हर उघडं असतं तेव्हाच पाणी जातं, हे वहीवरून सिद्ध झालंय, तेव्हा आठवड्यातून एक दिवस पूल बंद ठेवायचा नियम केला तर कसं, असं विचारत होते. मी म्हटलं, साहेब, हे आर्किटेक्टला विचारायचं नसतं. ‘तिला विचारलं,’ ते म्हणाले. ‘ती म्हणाली, गाडी धुणं बंद करा.’